सावलीचा सांधा : एकटेपणाच्या छायाचित्रणासाठी काही प्रयोग

एकटेपणाचे छायाचित्र म्हटले की मोकळ्या रस्त्यावर पडलेली एका माणसाची लांबलचक सावली डोळ्यांसमोर येते आणि बहुतेकांचे पहिले प्रयत्न तिथूनच सुरू होतात. माझेही तसेच झाले. कलत्या उन्हात मी स्वतःच्या सावलीची पुष्कळ छायाचित्रे घेतली; ती पाहणाऱ्यांनी संध्याकाळ सुंदर असल्याचे सांगितले, एकटेपणाचे नाव मात्र कोणी काढले नाही. कारण बऱ्याच उशिरा लक्षात आले. त्या प्रत्येक चित्रात माझी पावले दिसत होती आणि सावली त्या पावलांना घट्ट धरून होती. मराठीत एकांत आणि एकटेपणा हे दोन वेगळे शब्द आहेत: एकांत माणूस शोधतो, एकटेपणा त्याच्या वाट्याला येतो. पावलांसकट दिसणारी सावली एकांताची असते. एकटेपणा दाखवायचा असेल, तर सावली आणि ती पाडणारे शरीर यांच्यातला सांधा कुठे आणि कसा तोडायचा, हे आधी ठरवावे लागते.

साहित्य फार लागत नाही. एक्स्पोजर (म्हणजे चित्रात किती उजेड घ्यायचा ते) हाताने ठरवता येईल असा कॅमेरा किंवा फोन, एक ट्रायपॉड, एकच दिवा आणि शक्यतो कोरी भिंत एवढ्यावर काम होते.

पहिला प्रयोग चौकटीचा आहे. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असताना सावली वस्तूच्या उंचीइतकी असते, ३० अंशांवर ती सुमारे पावणेदोन पट होते आणि १५ अंशांवर पावणेचार पट. म्हणजे सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर साधारण उंचीच्या माणसाची सावली सहा मीटरपर्यंत जाते आणि त्या माणसाला चौकटीबाहेर उभे करूनही त्याचे डोके व खांदे चौकटीच्या मध्यावर आणता येतात. कॅमेरा सूर्याकडे पाठ करून धरल्यास आपलीच सावली चित्रात शिरते, म्हणून बाजूने छायाचित्र घ्यावे. यानंतर चौकटीत एक रिकामी खुर्ची ठेवावी आणि बाहेरच्या माणसाची सावली तिच्यावर पडेल अशी तिची जागा बदलत राहावे. सावली जमिनीवरून सरकत येते, बैठकीच्या कडेशी मोडते, बैठकीवर आडवी होते आणि खुर्चीच्या पाठीवर पुन्हा उभी राहते; नेमक्या जागी तिला मांडी आल्यासारखी दिसते. क्षणभर खुर्चीत कोणी बसले आहे असे वाटते आणि लगेच तिथे कोणी नाही हे कळते. त्या दोन क्षणांमधले अंतर हाच या चित्राचा विषय आहे, म्हणून खुर्चीशेजारी दुसरे काहीही ठेवू नये.

सांधा तोडण्याची दुसरी रीत सावलीला परक्या शरीरावर टाकण्याची. अमेरिकन छायाचित्रकार ली फ्रिडलँडर यांनी १९६६ मध्ये न्यू यॉर्कच्या रस्त्यावर पुढे चाललेल्या एका स्त्रीच्या फरच्या कोटावर पडलेल्या स्वतःच्या सावलीचे छायाचित्र घेतले. तिथे सावली स्पर्श करते, माणूस करत नाही. घरात हाच विचार एका दिव्याने आजमावता येतो. दोघांना भिंतीसमोर एकमेकांपासून हातभर दूर बसवावे आणि दिवा बाजूला सरकवत न्यावा. एका जागी त्यांच्या सावल्या खांद्याला खांदा लावतात, शरीरे मात्र जिथल्या तिथे राहतात. चित्रात भिंत आणि दोघांच्या पाठींमधली मोकळी जागा, दोन्ही यायला हवे. माझ्या मते दूर दूर पडलेल्या दोन सावल्यांपेक्षा ही जवळीक अधिक एकाकी असते. सावलीचा आकारही येथे हाताशी असतो: दिव्यापासून भिंत तीन मीटरवर आणि माणूस एक मीटरवर असेल, तर सावली त्याच्या तिप्पट होते. दोघांपैकी एकाला दिव्याकडे सरकवले की दुसरा त्याच्या सावलीपुढे लहान दिसू लागतो.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो सावलीच्या कडेला. आकाशात सूर्याची तबकडी सुमारे अर्धा अंश रुंद दिसते, त्यामुळे उन्हातली सावली कधीच एका रेषेवर संपत नाही. गडद प्रच्छायेभोवती फिकट उपच्छायेची किनार असते आणि वस्तू भिंतीपासून जितके मीटर दूर, तितके सेंटिमीटर ती किनार साधारणपणे रुंद होते. स्वतःचा हात घेऊन हे पाहावे. पंजा भिंतीला जवळजवळ टेकवला की नखांची टोकेसुद्धा कापल्यासारखी उमटतात. बोटे फाकवून हळूहळू मागे यावे. सुमारे दीड सेंटिमीटर रुंदीच्या बोटाची प्रच्छाया दीड मीटरच्या थोड्या पुढे संपते. त्यापलीकडे बोटांच्या जागी करड्या, विरत जाणाऱ्या पट्ट्या उरतात, तळव्याचा गडद गाभा मात्र अजून टिकून असतो. बोटे गमावलेला तो हात काहीही धरू शकणार नाही असे वाटते. भिंतीपासून दहा सेंटिमीटर, एक मीटर आणि अडीच मीटर अशा तीन अंतरांवरून हीच सावली टिपून चित्रे शेजारी शेजारी ठेवली, तर चेहऱ्याची गरजच पडत नाही.

एक्स्पोजर ठरवताना कॅमेऱ्यावर विसंबू नये. समोर जे दिसेल ते मध्यम करड्या छटेचे करण्याकडे त्याचा कल असतो, त्यामुळे सावलीने भरलेली चौकट तो उगाच उजळून टाकतो. उजेड पडलेल्या भागावर उजेडाचे माप घ्यावे, ते लॉक करावे आणि मग चौकट जुळवावी. सावली ठार काळी करण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. काळ्या आकृतीत पाहणाऱ्याला शिरायला वाव नसतो, तर भिंतीचे पोपडे आणि ओरखडे सावलीच्या आत दिसत राहिले की त्या जागेला भूतकाळ येतो. उन्हातल्या सावलीत आकाशाचा उजेड मिसळत असल्यामुळे ती किंचित निळसर असते. कॅमेऱ्यातला स्वयंचलित व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ही छटा कमी करू शकतो, म्हणून तो उन्हाच्या स्थिर सेटिंगवर ठेवावा.

काळाचा वापर करायचा असेल, तर अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावून कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवावा, आयएसओ (उजेडाविषयीची संवेदनशीलता) १०० आणि शटर ३० सेकंद उघडे ठेवावे व भिंत योग्य उजळेल इतपत अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचे छिद्र, लहान करावे. माणूस चौकटीबाहेर, फक्त त्याची सावली भिंतीवर. १५ सेकंदांनी त्याने निघून जावे. सावलीच्या जागेला अर्धा वेळ उजेड मिळाल्याने ती भिंतीपेक्षा साधारण एकच स्टॉप (निम्म्या उजेडाचा फरक) गडद उमटते. पुढच्या वेळी त्याला दहाच सेकंद थांबवावे, मग पाच. जाण्याआधी तो जितका कमी थांबला, तितकी त्याची खूण फिकट होते.

शेवटचा प्रयोग कॅमेऱ्याशिवायचा आहे. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या सायनोटाइप पद्धतीत फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची वेगवेगळी द्रावणे एकत्र करून कागदावर लावतात. हातमोजे घालावेत, मंद पिवळ्या उजेडात काम करावे आणि ही द्रव्ये आम्लांपासून दूर ठेवावीत. वाळलेल्या कागदावर वस्तू ठेवून तो उन्हात ठेवला आणि नंतर पिवळेपणा जाईपर्यंत पाण्यात धुतला की उघडा भाग निळा होतो, सावलीची जागा पांढरी राहते. इथे सांधा पुरता तुटलेला असतो, कारण सावली कागदावर राहते आणि वस्तू उचलून नेलेली असते. त्यासाठी दूर गेलेल्या कोणाच्या तरी रोजच्या वापरातली वस्तू निवडावी: कंगवा, किल्ली, चष्मा. चष्म्याच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून पाहावी. अनेक चष्म्यांची भिंगे डोळ्यांना आरपार दिसत असली, तरी कागद ज्या अतिनील किरणांवर काम करतो ते किरण अडवतात, त्यामुळे फ्रेमबरोबर भिंगेही पांढरी उमटतात. काड्या उघड्या ठेवून चष्मा उताणा मांडावा, ऊन तिरके असताना कागद बाहेर न्यावा आणि धुऊन झाल्यावर तो लगेच चौकटीत न बसवता दिवसभर तसाच वाळू द्यावा, म्हणजे निळा रंग हळूहळू गडद होत जातो आणि दोन पांढरी वर्तुळे स्पष्ट दिसू लागतात.