दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये? नेटवर्क आणि स्टोरेजच्या या चुका टाळा

मागे एका पतसंस्थेतून सकाळी सकाळी फोन आला, "दादा सगळंच बंद पडलंय, नेट नाही, प्रिंटर नाही, सर्व्हर पण दिसेना." गेलो तर कॅश काउंटरसमोर रांग, आणि मॅनेजर साहेब राउटरचं बटण बंद-चालू, बंद-चालू करत बसलेले. मी टेबलाखाली वाकून स्विच, म्हणजे सगळ्या मशीनच्या नेटवर्क वायरी जिथं जोडतात तो डबा, बघितला, तर वायर लावलेल्या सगळ्या पोर्टांचे दिवे एकाच तालात, गणपतीच्या माळेसारखे लुकलुकत होते. तिथंच कळलं. आदल्या दिवशी झाडलोट करताना एक वायर लोंबकळत दिसली म्हणून कुणीतरी बिचाऱ्याने चांगल्या मनाने ती रिकाम्या पोर्टात खोचली होती, आणि तिचं दुसरं टोक आधीपासून त्याच स्विचमध्ये होतं.

याला लूप म्हणतात. नेटवरून जाणाऱ्या माहितीच्या पुडक्याला, म्हणजे आयपी पॅकेटला, आयुष्य ठरवून दिलेलं असतं, प्रत्येक राउटर त्यातला एक आकडा कमी करतो आणि शून्य झालं की पॅकेट टाकून देतो. पण ऑफिसातल्या वायरींवर इथरनेट नावाची पद्धत चालते, आणि तिच्या पुडक्यात, म्हणजे फ्रेममध्ये, असला आकडाच नाही. त्यामुळे "प्रिंटर कुठाय रे?" असं सगळ्यांना विचारणारी एक फ्रेम त्या लूपमध्ये शिरली की ती फिरतच राहते, स्विच प्रत्येक फेरीला तिच्या प्रती सगळ्या पोर्टांवर पाठवतो, आणि काही सेकंदांत खऱ्या कामाला जागाच उरत नाही.

बरं हा दोष कुणाचा म्हणावा? रॉबर्ट मेटकाफने १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात इथरनेट मांडलं तेव्हा एकच लांब जाड केबल होती, सगळी मशीन त्याच एका केबलवर. सिग्नल दोन्ही टोकांना जाऊन विरायचा, गोल फिरायचा प्रश्नच नव्हता. पुढं अशी नेटवर्कं एकमेकांना जोडायला लागले तेव्हा हे झेंगट सुरू झालं, आणि ते सोडवलं राडिया पर्लमन या बाईंनी, १९८५ मध्ये, डीईसी कंपनीत असताना. त्यांच्या स्पॅनिंग ट्रीमध्ये स्विच आपसात बोलून जादाचा रस्ता स्वतःच बंद ठेवतात. बाईंनी त्यावर चक्क एक कविता पण केली होती! पण आपण जे स्वस्तातले आठ पोर्टचे साधे स्विच आणतो त्यात बहुतेक वेळा हे नसतंच.

म्हणून सगळे दिवे एकदम लुकलुकत असतील तर राउटर रिस्टार्ट करत बसू नका, त्याने काही होत नाही. स्विचमधली एकेक वायर काढत जा आणि दिवे कधी शांत होतात ते बघा. ज्या वायरला शांत झाले तिचं दुसरं टोक शोधा. मी ती वायर काढून घेतली तर मॅनेजर म्हणाले, "अहो चांगली वायर आहे, राहू द्या की तिथंच." नाही ठेवली.

टेस्टर हिरवा, तरी स्पीड नाही

ही चूक मी स्वतः केलेली आहे, सुरुवातीच्या काळात, आणि एका क्लासच्या अख्ख्या लॅबमध्ये केलेली आहे. नेटवर्क केबलमध्ये आठ तारा असतात, म्हणजे चार जोड्या, नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येक जोडीची एक तार पांढऱ्या पट्ट्याची. मला वाटलं दोन्ही बाजूला सारखाच क्रम लावला की झालं, एक ला एक, दोन ला दोन. म्हणून मी जोड्या नीट शेजारी शेजारी लावल्या, नारिंगी-नारिंगी, हिरवी-हिरवी, निळी-निळी, तपकिरी-तपकिरी, दिसायला पण छान. केबल तपासायच्या टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागले. आणि मशीन लावली तर कधी कनेक्ट, कधी डिसकनेक्ट, फाइल कॉपी करायला घेतली की रडकुंडीला येणार.

गोम अशी की तारांना पीळ उगाच दिलेला नसतो. जोडीतल्या दोन तारांवर उलटसुलट सिग्नल जातो, बाहेरचा गोंगाट दोन्हीवर जवळपास सारखा पडतो, आणि पलीकडे दोन्हींतला फरक मोजला की गोंगाट वजा होऊन जातो. फोनच्या तारांसाठी पिळाची ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ मध्येच पेटंट केली होती. आता नेटवर्क कार्ड तीन नंबर आणि सहा नंबरची पिन एक जोडी म्हणून वापरतं. मी मात्र तीनला हिरवीची तार दिली होती आणि सहाला निळीची, म्हणजे जोडीच फुटली. आणि साधा टेस्टर फक्त तार अखंड आहे का एवढंच बघतो, जोडी कुणाची कुणाशी हे त्याला कळत नाही. बरोबर क्रम पाठ करून टाका: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी निळीच्या दोन्ही बाजूंना पाय फाकवून बसलेली दिसली म्हणजे बरोबर.

दुसरं म्हणजे, गिगाबिटचं, म्हणजे १००० एमबीपीएसचं, सगळं सामान घेऊन स्पीड १०० वरच अडकला असेल तर प्लॅनवाल्याला शिव्या द्यायच्या आधी केबल बदलून बघा. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही लागतात, त्यामुळे निळी किंवा तपकिरी तार तुटलेली असली तरी नेट चालू राहतं, फक्त हळू, आणि कुणाच्या लक्षातच येत नाही. आणि १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबी नव्हे, साडेबारा एमबी, कारण ते बिट असतात आणि आठ बिटांचा एक बाइट. एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते ती पण फसवणूक नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.

रेड लावलंय, मग बॅकअप कशाला?

हे वाक्य ऐकलं की मला घाम फुटतो. एका फोटो स्टुडिओवाल्याने दोन डिस्क आरशासारख्या लावल्या होत्या, म्हणजे रेड-१, एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप. पोराने चुकून एका लग्नाचं अख्खं फोल्डर उडवलं. दोन्हीवरून उडालं, त्याच क्षणी. आरशात काय वेगळं दिसणार?

रेडची, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायची, कल्पना बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ च्या पेपरमध्ये मांडली. त्यांचं म्हणणं होतं की मेनफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या अवाढव्य कॉम्प्युटरच्या, एका महागड्या डिस्कपेक्षा पीसीच्या भरपूर स्वस्त डिस्क एकत्र वापरा. रेड (RAID) मधला आय मूळचा इनएक्स्पेन्सिव्ह, म्हणजे 'स्वस्त', या अर्थाचाच आहे. पण डिस्क जितक्या जास्त तितकी त्यातली एखादी मरायची शक्यता जास्त, म्हणून एखादी गेली तरी डेटा राहील अशी सोय केली. बास, एवढंच. डिस्क मेली तर काम थांबू नये यासाठी ते आहे. पोराचा हात, व्हायरस, चोरी, टेबलावर सांडलेला चहा, यातलं काहीच त्या तिघांच्या हिशोबात नव्हतं. तेव्हा तिसरी डिस्क घ्या, कॉपी झाली की काढून कपाटात ठेवा, जमल्यास दुसऱ्या घरी. कायम मशीनला लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरला, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या व्हायरसला, पण दिसते.

पेनड्राइव्हचं थोडक्यात

"जागा आहे तरी फाइल मोठी आहे म्हणतंय" ही तक्रार आली की पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये असणार, त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल बसतच नाही. आतलं सगळं आधी दुसरीकडे घ्या आणि एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, फक्त जुना टीव्ही किंवा गाडीचा प्लेअर ते कदाचित वाचणार नाही.

खूपच स्वस्तात एक-दोन टीबीचा पेनड्राइव्ह मिळाला तर आधी एच२टेस्टडब्ल्यू (H2testw) नावाच्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा. नकली मालात चिप लहान असते आणि तिचा कारभार बघणारा कंट्रोलर जागेबद्दल खोटं सांगतो, त्यामुळे फाइलींची नावं दिसतात, उघडायला गेलं की आत कचरा.

आणि कॉपीची पट्टी संपली म्हणजे लिहून संपलं असं नाही, लिनक्सवर तर नाहीच. फुजिओ मासुओका यांनी तोशिबात फ्लॅश मेमरी शोधली तिची खुबीच ही की ती एका दमात अख्खा ब्लॉक पुसते, त्यांच्या सहकाऱ्याला त्यावरून कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला म्हणून हे नाव. म्हणजे थोडंसं बदलायचं तरी आत बरीच उचल-ठेव चालते, आणि त्याच वेळी तुम्ही हिसडा मारून काढला तर ती एकच फाइल जाईल याची खात्री नाही, फाइलींची अख्खी यादीच बिघडू शकते. आधी इजेक्ट करा मग काढा.

शेवटी डिलीट झालेल्या गोष्टी. साध्या हार्डडिस्कवर फाइल उडवली तरी तिच्यावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत ती तिथंच पडून असते, म्हणून स्टुडिओवाल्याचं बरंचसं परत मिळालं. एसएसडीत ट्रिम नावाची सोय असते, उडवलेली जागा ती मागच्या मागे पुसायला देऊन टाकते, तिथं काही तासांनी गेलात तर सहसा हाती काही लागत नाही. दोन्हीकडे पहिलं काम एकच, मशीन लगेच बंद करा, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावा, आणि सापडलेल्या फाइली त्याच डिस्कवर सेव्ह करू नका. हे फोनवर तीनदा सांगून गेलो तरी त्या पोराने रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर डाउनलोड करून ठेवलं होतं.