सोन्याच्या नॅनोरॉडवर काम सुरू करताना

सोन्याचे नॅनोरॉड, म्हणजे नॅनोमीटरमध्ये मोजाव्या लागणाऱ्या सोन्याच्या कांड्या, तयार करण्याची कृती वाचताना सोपी वाटते. अतिसूक्ष्म कणांचे सीड द्रावण करायचे आणि त्याचे काही मायक्रोलिटर वाढीच्या द्रावणात घालायचे, एवढेच तिचे स्वरूप आहे. पुण्यात पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी निकूबख्त आणि अल-सय्यद यांची २००३ सालची पद्धत तंतोतंत पाळली, तरी तीन महिने माझ्या हाती बहुतांशी गोल कणच येत राहिले. नव्याने या कामात येणाऱ्यांचा तेवढा काळ वाचावा, म्हणून हे लिहीत आहे.

दोष निघाला तो सीटॅबमध्ये, म्हणजे सेटिलट्रायमिथाइलअमोनियम ब्रोमाइडमध्ये. साबणासारखा हा पदार्थ सोन्याच्या पृष्ठभागावर दुहेरी थर धरतो आणि चांदीच्या आयनांच्या साथीने कणाची वाढ एकाच दिशेने होऊ देतो. परंतु त्यात आयोडाइडचा अत्यल्प अंश असला, तरी रॉड होतच नाहीत. एकाच कंपनीच्या, पण वेगवेगळ्या लॉटच्या दोन बाटल्या शेजारी ठेवून एकाच दिवशी तोच प्रयोग केला, तेव्हा एका कुपीत रॉड मिळाले आणि दुसरीत मिळाले नाहीत. तेव्हापासून वहीत तारखेच्या आधी मी लॉट नंबर लिहितो.

सीटॅबला थंडीही सोसत नाही. ०.१ मोलर द्रावण, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ३.६४ ग्रॅम, पुण्यातल्या जानेवारीत सकाळी पाहावे तर तळाशी पांढऱ्या स्फटिकांचा थर बसलेला असतो. ते वॉटर बाथमध्ये कोमट करून पूर्ण नितळ होऊ द्यावे आणि पुढचे सर्व काम २७ ते ३० अंश सेल्सिअसला करावे. काचेची भांडी अम्लराजाने, म्हणजे हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांच्या तीव्र मिश्रणाने, धुवावीत. हे काम फ्यूम हूडमध्येच आणि अनुभवी सहकारी जवळ असताना करावे.

सीडसाठी सोन्याच्या क्षारातून धातुरूप सोने बनवणारे बोरोहायड्राइड बर्फगार पाण्यात ऐनवेळी विरघळवावे. ते पडताच सीड द्रावण पिवळसर तपकिरी झाले पाहिजे. लालसर छटा दिसली, तर कण मोठे झाले आहेत असे समजून ते टाकून द्यावे. वाढीच्या द्रावणात अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल घातल्यावर पिवळा रंग जाऊन ते पाण्यासारखे स्वच्छ होते. सीड घातल्यानंतर दहा-वीस मिनिटांनी त्यात हळूहळू रंग चढू लागतो, आणि ते पाहण्यातला आनंद मला आजही पहिल्या वेळेइतकाच वाटतो.

रंगावरून मात्र निष्कर्ष काढू नये. प्रकाशशोषणाचे मुख्य शिखर ८०० नॅनोमीटरच्या आसपास असलेले उत्तम द्रावण तांबूस तपकिरी दिसते, आणि केवळ त्या रंगामुळे मी एक चांगली बॅच गोल कणांची समजून टाकून दिली होती. कॅडमियम सेलेनाइडच्या नॅनोस्फटिकांचा रंग मुख्यतः आकारमानावर ठरतो, तर सोन्याच्या रॉडचा लांबी-रुंदीच्या गुणोत्तरावर. म्हणूनच वर्णपटात ५१० ते ५२० नॅनोमीटरजवळ रुंदीचे एक आणि त्यापलीकडे लांबीचे एक, अशी दोन शिखरे दिसतात. गुणोत्तर वाढले की दुसरे शिखर अवरक्ताकडे सरकते. पहिले शिखर दुसऱ्याच्या तुलनेत फार उंच असेल, तर गोल कण मिसळलेले आहेत असे समजावे. ४०० नॅनोमीटरवरचे शोषणही नोंदवावे, कारण एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक कुपीत) तेथे १.२ हा आकडा सुमारे ०.५ मिलिमोलर धातुरूप सोने दाखवतो आणि किती सोने धातू न होता आयनरूपातच राहिले ते कळते.

सेंट्रिफ्यूज करून सीटॅब काढताना हात आवरता घ्यावा. जास्त धुतल्यास रॉड एकमेकांना चिकटतात, दुसरे शिखर पसरट होते आणि कुपी हलवली तरी तळाशी बसलेला काळपट गाळ पुन्हा विरघळत नाही.