सोलं, राख आणि रिठे: कोकणातल्या घराची धुवापुशी

वाटीभर कोमट पाण्यात चार सोलं, म्हणजे कोकमाच्या वाळवलेल्या साली, भिजत घाला. दहा मिनिटांत पाणी लाल होतं. त्यातलं चमचाभर पांढऱ्या बशीत घ्या आणि त्यात राखेच्या निवळीचे (राख भिजवून वर आलेल्या स्वच्छ पाण्याचे) थेंब सोडत जा. लाल रंग आधी जांभळट होतो, मग निळसर, आणि थेंब वाढले की मळकट हिरव्यावर जातो. कोकमाच्या रंगाचा स्वभावच तो, आंबटात लाल आणि खारात (म्हणजे अल्कलीत, राख-सोड्यासारख्या पदार्थांत) निळा-हिरवा. हळद आंबटात पिवळीच राहते, खार लागला की तांबडी होते. घरी केलेलं धुवायचं पाणी आंबट आहे की खार, हे ओळखायला एवढं पुरतं. ओळखणं गरजेचं आहे, कारण घरगुती उपाय फसतात ते बहुतेक वेळा याच गोंधळामुळे.

गंज, भांड्यावरची हिरवी झाक, पाण्याचे पांढरे डाग आणि मासळीचा वास आंबटाने जातात. तेल, तूप, ओशटपणा खाराने सुटतो. धूळ, घाम, रोजचा मळ यांना फेस लागतो, म्हणजे रिठा. फणसाचा चीक या तिघांनाही दाद देत नाही, त्याला तेलच हवं.

आंबट आणि खार एकत्र करू नका. सोड्यावर व्हिनेगर ओतलं की फसफसतं, बघायला मजा येते आणि मोरी साफ होतेय असं वाटतं. पण ती फसफस दोघांनी एकमेकांना मारल्याची असते. खाली उरतं ते जवळजवळ साधं खारट पाणी. मोरीत तेल साचलं असेल तर चार चमचे धुण्याचा सोडा टाका, वरून किटलीभर कढत पाणी ओता आणि अर्धा तास थांबा. एवढंच.

आधी दगड बघा

ओट्याचा कडप्पा, पडवीतली शहाबादी, कोटा, मार्बल हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड. लिंबू, चिंच, व्हिनेगर, बायोएन्झाइम (फळांच्या साली गुळात आंबवून केलेलं पाणी) यांतलं काहीही त्यांना खातं. मोझेकमध्ये मार्बलचे तुकडे असतात आणि जुन्या घरातली लाल ऑक्साइडची जमीन सिमेंटची असते, तेव्हा त्यांनाही तोच नियम. झालेलं नुकसान डागासारखं दिसतं, पण तो डाग नसतो. दगडाची झिलई गेलेली असते आणि घासून ती परत येत नाही. खात्री नसेल तर ओट्याच्या आतल्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब ठेवून दोन मिनिटांनी पुसा. जागा मंद दिसली तर त्या दगडाला आंबट बंद. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइलला काही होत नाही. टाइलच्या मधल्या सांध्यांना मात्र होतं, म्हणून आंबट पाणी ओतून ठेवू नये.

चुन्याच्या जातीच्या दगडाच्या ओट्यावर तेल सांडलं तर त्यावर तांदळाचं पीठ भुरभुरवा, पाच मिनिटांनी सुक्या फडक्याने उचला आणि मग रिठ्याच्या पाण्याने पुसा. लाल जमिनीला महिन्यातून एकदा, पुसून पूर्ण सुकल्यावर, खोबरेलाचा हात द्या आणि कापलेल्या सोडणाने (नारळाच्या काथ्याच्या सालाने) गोल गोल घासा. एका खोलीला दोन चमचे खूप झाले. जास्त लावलं की जमीन घसरते, वर धूळ बसते ती वेगळीच.

रिठ्याचं पाणी

रिठे फोडून बिया काढा, फेस फक्त सालीत असतो. बिया ठेवल्या तर वजन भरतं, फेस येत नाही, आणि लोक रिठाच वाईट होता म्हणून मोकळे होतात. १०० ग्रॅम सालीला १ लिटर पाणी घेऊन रात्रभर भिजवा. सकाळी मंद आचेवर १५ ते २० मिनिटं उकळा. पातेलं मोठं घ्या, कारण ते दुधासारखं उतू जातं. गार झाल्यावर कुस्करून जुन्या सुती फडक्यातून गाळा. साधारण पाऊण लिटर तपकिरी पाणी मिळतं. चोथा टाकू नका, अर्धा लिटर पाण्यात परत उकळला की लादी पुसायला पुरतो.

भांड्यांना हे पाणी तसंच वापरा. लादीला बादलीभर पाण्यात अर्धी वाटी. कपड्यांना, विशेषतः लोकरीच्या आणि रेशमी, बादलीला एक वाटी. साबणासारखा ढीगभर फेस येणार नाही आणि फेस नसला तरी मळ निघतो. खाडीकाठच्या मचूळ विहिरींवर साबणाचा साका होऊन कपडे राखाडी पडतात. रिठ्याचा साका होत नाही, हा त्याचा मोठा गुण. पांढऱ्या कपड्यांना मात्र वापरू नका, हळूहळू पिवळट झाक येते.

तोटा एकच, पण मोठा: टिकत नाही. मे महिन्यात बाहेर ठेवलं तर तिसऱ्या दिवशी आंबूस वास येतो आणि वर तार धरते. फ्रिजमध्ये आठवडाभर चालतं. जास्त केलं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि लागेल तसे खडे काढा. पावसाळ्यासाठी सालीच साठवायच्या. आगोटीच्या (पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या) कामात मिरची-मसाल्यासोबत रिठ्याच्या साली कडकडीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. जुलैत त्या चामड्यासारख्या लवचिक लागल्या तर डब्यात हवा शिरली असं समजा.

डोळ्यांत गेलं तर खूप झोंबतं. आणि उरलेलं पाणी व्हाळात (ओढ्यात), विहिरीजवळ किंवा माशांच्या टाकीत ओतू नका. रिठ्यातला फेस करणारा पदार्थ माशांच्या कल्ल्यांना मारक असतो. माडाच्या आळ्यात ओता.

राख आणि तिची निवळी

चुलीतली राख लाकडाची किंवा सोडणाची हवी. सोडण-करवंटीच्या राखेत पोटॅशचा अंश जास्त, म्हणून ती जास्त जोरदार. प्लास्टिकने चूल पेटवली असेल किंवा रंगवलेली फळी जाळली असेल तर ती राख भांड्यांना लावू नये. कोळसे वेचा, पिठाच्या चाळणीने चाळा आणि डब्यात भरा. न चाळलेल्या राखेतला एक खडा स्टीलच्या ताटावर कायमची रेघ मारतो.

तेलकट कढईला सुक्या राखेची चिमूट आणि ओलं सोडण पुरतं. जास्त ओशट असेल तर निवळी करा. एक वाटी राख, चार वाट्या गरम पाणी, ढवळून रात्रभर ठेवा आणि सकाळी वरचं स्वच्छ पाणी हलक्या हाताने ओतून घ्या. बोटांना बुळबुळीत लागतं, कारण ते बोटांवरच्या तेलाचाच साबण करतं. म्हणून फार वेळ हात घालून बसू नका. एक्झॉस्ट पंख्याची पाती, गॅसच्या शेगडीच्या जाळ्या अर्धा तास यात बुडवून ठेवल्या की ओशटपणा ब्रशने निघतो. राख नसलेल्या घरात लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा हेच काम करतो. दोन्ही ठिकाणी हातमोजे घाला. दोन्ही ठिकाणी ॲल्युमिनियम दूर ठेवा, ते काळं पडतं आणि खाल्लं जातं. सागवानी फर्निचरलाही खार नको, लाकूड काळवंडतं.

पितळ, तांबं आणि जुनी सोलं

गेल्या वर्षीची, काळी पडलेली, आमटीत न घालण्यासारखी सोलं याच कामाची. दहा-बारा सोलं अर्धी वाटी गरम पाण्यात अर्धा तास भिजवून चुरा, चमचाभर मीठ घाला. समई, निरांजनं, तांब्या आधी तेलमुक्त करायचे, म्हणजे राखेने किंवा रिठ्याने धुवायचे. समईवर तेलाचा थर असताना आंबट लावलं तर ते धातूपर्यंत पोचतच नाही. तेल गेलं की कोकमाचा लगदा चोळा. एक-दोन मिनिटांत रंग उजळतो. लगेच भरपूर पाण्याने धुवा, सुक्या फडक्याने पुसा, उन्हात ठेवा.

लावून विसरलात तर पितळ गुलाबी-तांबूस दिसू लागतं, कारण आंबट पितळातलं जस्त आधी ओढतं. पुन्हा आंबट लावून घासलं तर तो रंग जात नाही, उलट वाढतो. आणि ओलं ठेवलं तर किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत दुसऱ्या दिवशी हिरवे ठिपके. लाखेचा मुलामा दिलेल्या शोभेच्या पितळी वस्तूंना हे लावूच नका.

परसात बिंबलाचं (आंबट, लांबट हिरव्या फळांचं) झाड असेल तर कपड्यावरच्या गंजाच्या डागाला त्याच्यासारखं काही नाही. त्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं, ते लोखंड सोडवून घेतं. बिंबल चिरून मिठासोबत डागावर चोळा, अर्धा तास उन्हात ठेवा, धुवा. रंगीत कपड्याच्या आतल्या शिवणीवर आधी करून बघा. जांभ्या जमिनीतल्या विहिरींच्या पाण्याने बादल्यांना आणि न्हाणीघरात जी तांबूस पुटं येतात, त्यांनाही हेच किंवा लिटरभर गरम पाण्यात दोन चमचे लिंबाचं सत्त्व.

बायोएन्झाइम

प्रमाण १:३:१०. गूळ १०० ग्रॅम, साली ३०० ग्रॅम, पाणी १ लिटर. भांडं २ लिटरचं आणि प्लास्टिकचं. काचेची बाटली घट्ट बंद केली तर आतल्या वायूने फुटू शकते. लिंबू, मोसंबी, संत्रं, ईडलिंबू, अननस यांच्या साली चांगल्या. आंब्याच्या साली चालतात, पण पाणी चिकट होतं. कांदा, शिजलेलं अन्न, तेलकट काही घालू नका.

पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडा आणि साली काठीने खाली दाबा. दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून दोनदा. ९० दिवसांनी गाळा. फेब्रुवारीत घातलं तर मेअखेर तयार होतं. वर पांढरी साय आली तर ढवळून टाका, ती निरुपद्रवी. काळी किंवा हिरवी केसाळ बुरशी आली म्हणजे साली पाण्याच्या वर राहिल्या किंवा गूळ कमी पडला. थोडी असेल तर काढून मूठभर गूळ घाला, कुजका वास असेल तर सरळ खताच्या खड्ड्यात.

नावात एन्झाइम असलं तरी काम मुख्यतः आंबवण्यातून तयार झालेलं आम्ल करतं. त्यामुळे वरचा दगडाचा नियम याला पूर्ण लागू. टाइलची लादी पुसायला ५ लिटर पाण्यात ५० मिलिलिटर, संडासच्या भांड्यात १०० मिलिलिटर न मिसळता रात्रभर. घरात जुलाब-उलट्यांचं आजारपण असेल तेव्हा मात्र यावर विसंबू नका, ब्लीचिंग पावडर वापरा. त्या दिवशी त्या जागी आंबट काहीच नको. ब्लीचिंगवर लिंबू, व्हिनेगर किंवा बायोएन्झाइम पडलं की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. आदल्या रात्रीचं बायोएन्झाइम आधी पाण्याने पूर्ण धुवून काढा.

मासळी, चीक, काजूचे डाग

मासळी कापल्यावर आडाळा (विळी), पाट, हात आधी थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने रक्त-चिकटा शिजून पक्का बसतो. मग सोलं किंवा लिंबाचा चोथा चोळा. मासळीचा वास देणारा पदार्थ खार जातीचा, आंबटाने तो बसतो. आडाळ्याचं पातं लोखंडी असेल तर लगेच धुवून, पुसून, खोबरेलाचं बोट फिरवा, नाहीतर सकाळी गंजलेलं मिळेल.

फणस कापण्याआधीच हाताला आणि पात्याला खोबरेल. चीक लागला तर पाणी लावू नका, तेलाने मऊ करून जुन्या कागदाने पुसा, मग राख किंवा रिठा.

काजूच्या बोंडाचा डाग साबणाने गडद होतो. थंड पाणी, मग लिंबाचा रस, साबण सर्वांत शेवटी. आधी साबण लावला असेल तर डाग बहुधा राहिलाच.

पावसातली बुरशी

लाकडी कपाटावरची बुरशी सुक्या फडक्याने झटकू नका, तिची धूळ घरभर उडते आणि दमेकऱ्यांना त्रास होतो. नाकाला फडकं बांधा, व्हिनेगर पाणी न घालता फडक्याला लावून पुसा, तासभर थांबून ओल्या फडक्याने पुसा आणि पंख्याखाली वाळवा. चुन्याच्या भिंतीला व्हिनेगर नको, तिथे सोड्याचं पाणी. पागोळीचं पाणी भिंतीत मुरत असेल तर मात्र आधी कौल बदला, कारण बुरशी आठवड्यात परत येणार.

खिडकीच्या काचांवर वाऱ्याने मीठ आणि वाळूचे कण बसतात. सुकं पुसलं तर चरे पडतात, म्हणून आधी गोड्या पाण्याने ओतून धुवा. मग चार वाट्या पाण्यात एक वाटी व्हिनेगर आणि वर्तमानपत्राचा बोळा.

ही सगळी पाणी सरबताच्या बाटल्यांत भरू नका. कोकमाचं धुवायचं पाणी आणि फ्रिजमधलं आगळ (कोकमाचा खारवलेला रस) रंगाला एकसारखं दिसतं. डब्यावर चिकटपट्टी लावून नाव आणि तारीख लिहा, तीही पेन्सिलीने. दमट हवेत पेनची शाई पसरते.