लिब्रेऑफिसच्या बगझिलात आलेला बग कसा तपासायचा

लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमधले दोष, म्हणजे बग, बगझिला या वेबसाइटवर नोंदवले जातात. तिथे नवा बग 'अनकन्फर्म्ड' (अजून खात्री न झालेला) म्हणून पडतो. तपासणाऱ्याला कोडिंग यायलाच हवं असं नाही. डेव्हलपरने बग उघडला की थेट कामाला लागता यावं, एवढी त्याची तयारी करून ठेवायची.

आधी जुने बग चाळा, बंद झालेलेसुद्धा. डुप्लिकेट सापडला तर जुनाच ठेवायचा असं नाही. ज्यात पायऱ्या स्पष्ट आहेत आणि छोटी नमुना फाइल जोडलेली आहे, तो ठेवा. जोडलेली फाइल सगळ्या जगाला दिसते, त्यामुळे आत कुणाचं आधार किंवा पगारपत्रक नाही ना, तेही बघा.

मग स्वतः करून पाहा, शक्यतो डेली बिल्डवर, म्हणजे ताज्या कोडमधून रोज तयार होणाऱ्या चाचणी आवृत्तीवर. ती वेगळी इन्स्टॉल होते, रोजच्या वापरातल्या आवृत्तीला धक्का लागत नाही. बग तुमच्याकडेही दिसला तर स्टेटस 'न्यू' (खात्री झालेला) करा. रिपोर्ट करणाऱ्याने स्वतःच ते करायचं नसतं. दिसला नाही, तर रिपोर्ट करणाऱ्याला हेल्प मेनूतून सेफ मोडमध्ये चालवून बघायला सांगा (यूजर प्रोफाइल, म्हणजे त्याच्या साठवलेल्या सेटिंग्ज, बिघडल्याच्या तक्रारी इथेच गळतात), 'अबाउट'मधली माहिती मागवा आणि 'नीडइन्फो' (माहिती हवी) हे स्टेटस लावा. सहा महिने उत्तर आलं नाही की आपोआप आठवण जाते. नंतरही कुणी बोललं नाही, तर बग बंद होतो.

मराठी मजकुराच्या बगला फॉन्टचं नाव हवंच. 'दुसऱ्या'तला अर्धा र मोडत असेल तर आधी फॉन्ट बदलून बघा. मग तोच फॉन्ट, तोच शब्द फायरफॉक्समध्ये. 5.3 पासून, म्हणजे 2017 पासून, लिब्रेऑफिस सगळीकडे हार्फबझ (फॉन्टमधली अक्षरं जोडून मांडणारं सॉफ्टवेअर) वापरतं आणि फायरफॉक्सही तेच वापरतो. दोन्हीकडे मोडला तर दोष बहुधा फॉन्टचा किंवा हार्फबझचा. लिब्रेऑफिसच्या डेव्हलपरला त्यात गुंतवू नका.

नवखे हमखास चुकतात ते 'व्हर्जन' या रकान्यात. बग तुम्हाला आज ज्या आवृत्तीत दिसला ती तिथे घालायची नाही. सर्वात जुनी ज्यात तो सापडला ती घालायची. ती पुसली की बग कधी शिरला हा धागाच तुटतो.

आधी चालत होतं आणि आता मोडलंय? 'रिग्रेशन' हा कीवर्ड लावा आणि बायबिसेक्ट करा, म्हणजे जुन्या बिल्ड अर्ध्या-अर्ध्या करत बग कुठे शिरला ते शोधा. यात तयार बिल्डची गिट रिपॉझिटरी (सगळ्या बिल्ड क्रमाने साठवलेला संग्रह) उतरवून घ्यायची. दर वेळी मधली बिल्ड चालवून 'गुड' की 'बॅड' एवढंच सांगायचं. हजार बिल्डमधून दहाएक फेऱ्यांत दोषी बदल हाती लागतो. डाउनलोड मात्र अनेक जीबींचा, डिस्क आधी मोकळी करा.

बग आता दिसत नाही, पण कोणत्या कमिटने (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाने) गेला ते माहीत नाही? मग बंद करताना 'फिक्स्ड' नाही, 'वर्क्सफॉरमी' (माझ्याकडे चालतं) लावा.