ग्वाल्हेरचा किल्ला: चढायचं कुठून, उतरायचं कुठून

पुण्या-मुंबईकडची आपली माणसं ग्वाल्हेरला आली की ऑटोवाल्याला नुसतं "किला" म्हणतात. तो उरवाई गेटने वर नेतो, मानमंदिर या जुन्या राजवाड्याशी सोडतो, फोटो होतात आणि तासाभरात सगळे खाली. आमच्याकडे लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या त्या नावाच्या भागात, असे पाहुणे वर्षभर येत असतात. प्रत्येकाला माझं सांगणं एकच: चढायचं किला गेटने, उतरायचं उरवाईने. "किला गेट, हजीरा की तरफ" असं ठणकावून सांगा.

किला गेटकडून गाडी वर जात नाही, म्हणून लोक टाळतात. पण वाट फरसबंदी आहे, चढ खडा असला तरी रमतगमत चढता येतो. ज्यांचे गुडघे बोलतात त्यांना गाडीने उरवाईकडून पाठवा आणि मानमंदिरापाशी भेटा. आमच्या नणंदबाई तसंच करतात आणि वर पोचल्यावर आम्हालाच उशिरा आलो म्हणून ऐकवतात.

निघायचं सकाळी. मानमंदिराचं मोठं तोंड पूर्वेला, कड्याच्या अगदी टोकावर आहे. सकाळचं ऊन थेट त्या भिंतीवर पडतं आणि चढताना ती सतत डोक्यावर दिसत राहते. राजा मानसिंह तोमराने (राज्यकाळ १४८६ ते १५१६) हा वाडा बांधला. गोल बुरूज, त्यांवर घुमट्या, आणि दगडात बसवलेल्या निळ्या-पिवळ्या-हिरव्या फरश्यांची नक्षी: हत्ती, मोर, केळीची झाडं, आणि बदकांची रांग. बदकं मुलांना शोधायला लावा, ती चढ विसरतात. फरश्या दक्षिणेकडच्या भिंतीवर जास्त टिकल्यात, तेव्हा आत शिरण्याआधी त्या बाजूलाही उभे राहा. डिसेंबर-जानेवारीत मात्र आमच्याकडे धुकं असं दाटतं की समोरचा बुरूज दिसत नाही. त्या दिवसांत ऊन पडल्यावरच निघा. मे-जूनमध्ये येऊच नका.

वाटेत हत्तीपोळी या दरवाजाच्या थोडं खाली कड्यात कोरलेलं एक छोटं देऊळ लागतं, चतुर्भुजाचं. दम लागलेला असतो म्हणून लोक पुढे निघून जातात. तिथे थांबा. नवव्या शतकातल्या या देवळातल्या शिलालेखात फुलबागेची लांबी २७० हात आणि रोजच्या हारांची संख्या ५० दिली आहे, आणि दोन्हींत शून्य आज आपण काढतो तसंच, छोट्या वाटोळ्याचं. दार बंद असलं तर पहारेकऱ्याला विचारा.

मग प्रश्न येतोच: "यात शिंद्यांचा वाडा कुठला?" रायगड-प्रतापगड पाहिलेल्या माणसाला गडावर राजाचं घर हवं असतं. इथे ते शोधू नका. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास खाली छावणी टाकली, तिचंच आमचं लष्कर झालं, आणि शिंदे खालीच राहिले. १८५८ नंतर तर किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता. १८८६ मध्ये तो शिंद्यांना परत मिळाला, त्या बदल्यात झाशी द्यावी लागली. वर आहेत ते तोमर आणि त्यांच्याही आधीचे लोक. शिंदे बघायला दुसरा दिवस ठेवा.

मानमंदिरात वरचे दोन चौक सुंदर आहेत, पण खरं काम तळघरात. मोबाइलचा टॉर्च तयार ठेवा, जिने अरुंद आहेत आणि वटवाघळांचा वास येतो. राण्यांसाठी बांधलेल्या या गार खोल्या मोगलांनी कैदखाना केल्या. औरंगजेबाने सख्खा भाऊ मुराद याच किल्ल्यात ठेवला आणि १६६१ मध्ये मारवला. जहांगीराने गुरू हरगोबिंदांना इथेच कैद केलं होतं. सुटताना त्यांच्या अंगरख्याचे गोंडे धरून ५२ राजे बाहेर पडले, असं शीख परंपरा सांगते. दाता बंदी छोड गुरुद्वारा त्यासाठीच आहे. दुपारचं जेवण तिथल्या लंगरात करा. डोक्यावर रुमाल किंवा पदर घ्या, ताटात टाकू नका.

सासबहूची देवळं (१०९३) आणि तेली मंदिर दोन्ही बघा. घाई असेल तर तेली मंदिर सोडू नका; त्याचं लांबट, पालथ्या होडीसारखं छत इथल्या दुसऱ्या कुठल्याही देवळाला नाही.

उतरताना उरवाईच्या घाटात दोन्ही अंगांना कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती आहेत, पंधराव्या शतकातल्या. सगळ्यांत मोठी सतरा मीटरच्या आसपास. गाडीतून त्या मान वळेपर्यंत मागे पडतात, म्हणून पायीच उतरा. अनेक चेहरे बाबराच्या हुकमाने फोडले गेले, काही नंतर दुरुस्त केलेले ओळखू येतात.

दुसऱ्या दिवशी पुन्हा किला गेट, पण चढायचं नाही. पायथ्याचा गुजरी महाल, मानसिंहाने मृगनयनी राणीसाठी बांधलेला, आता पुरातत्त्व संग्रहालय आहे. सोमवारी बंद. ग्यारसपूरची शालभंजिका ही स्त्रीमूर्ती आवर्जून विचारून बघा, ती कुलपात ठेवलेली असते. तिथून तानसेनाची समाधी जवळच, हजीऱ्याला.

दुपारी जयविलास. जयाजीरावांनी १८७४ मध्ये मायकेल फिलोजकडून बांधून घेतलेला हा वाडा, आणि शिंद्यांचं घराणं अजून त्यात राहतं. आपल्याला संग्रहालयाचा भाग बघायला मिळतो. दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची. ती टांगण्याआधी छताचा भार तपासायला वर हत्ती चढवले होते म्हणतात. खाली जेवणघरात टेबलावरून मद्याच्या सुरया फिरवणारी चांदीची आगगाडी आहे. सुरई उचलली की गाडी थांबायची. पाहुण्यांची गर्दी इथेच अडते, तेव्हा आधी मराठा दालन बघून घ्या आणि आगगाडीकडे शेवटी या.

संध्याकाळी महाराज बाड्याच्या चौकात फिरा. थंडीचे दिवस असतील तर गजक घ्या, पण तीळ ताजे आहेत का हे एक तुकडा चाखून मगच.