गुप्तचर खात्यात जायचंय? तयारी कॉलेजपासून अशी करा

‘मला रॉमध्ये जायचंय’ असं सांगणारी मुलं-मुली हल्ली जवळपास प्रत्येक कॉलेजात भेटतात. त्यातली कित्येक रॉच्या जाहिरातीची वाट बघत बसतात. रॉच्या नावाने अशी जाहिरात निघतच नाही, हे कळेपर्यंत पदवीची महत्त्वाची वर्षं हातातून गेलेली असतात. म्हणून सुरुवात इथून करू.

आधी खाती ओळखा

देशाच्या आतलं काम इंटेलिजन्स ब्युरो, म्हणजे आयबी बघतं. ते गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतं. देशाबाहेरची माहिती मिळवणं हे रॉचं काम. सप्टेंबर १९६८ मध्ये रामेश्वर नाथ काव यांच्या नेतृत्वाखाली हे खातं आयबीतून वेगळं काढलं गेलं आणि ते कॅबिनेट सचिवालयाखाली चालतं. तांत्रिक टेहळणीसाठी एनटीआरओ आहे. कारगिल युद्धानंतर सुरक्षा व्यवस्थेची जी झाडाझडती झाली, त्यातून ही संस्था उभी राहिली. लष्कराचं स्वतःचं इंटेलिजन्स कोअर असून त्याचं प्रशिक्षण केंद्र पुण्यात आहे. तिकडची वाट एनडीए किंवा सीडीएस या लष्करी अधिकारी भरतीच्या परीक्षांमधून जाते. आपल्या राज्य पोलिसांचा गुप्तवार्ता विभाग आणखी वेगळा.

मग आपलं दार ठरवा

पदवीधरांसाठी सगळ्यांत सरळ दार म्हणजे आयबीतलं असिस्टंट सेंट्रल इंटेलिजन्स ऑफिसर, ग्रेड २ हे पद. वय १८ ते २७, राखीव प्रवर्गांना नियमानुसार सवलत, आणि पदवी कोणत्याही शाखेची चालते. २०२५ मध्ये या पदाच्या ३,७१७ जागा निघाल्या होत्या. पहिल्या टप्प्यात एका तासात १०० प्रश्न: चालू घडामोडी, सामान्य ज्ञान, अंकगणित, बुद्धिमत्ता आणि इंग्रजी. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. त्यानंतर ५० गुणांचा लेखी पेपर आणि शेवटी मुलाखत. दहावी झालेल्यांसाठी सिक्युरिटी असिस्टंट हे पद आहे. २०२५ मध्ये त्याच्या ४,९८७ जागा होत्या.

रॉमध्ये अधिकारी म्हणून जायचं तर मुख्य रस्ता यूपीएससीचा. हेमंत करकरे नागपुरात मेकॅनिकल इंजिनिअर झाले, १९८२ मध्ये आयपीएसमध्ये आले आणि पुढे रॉसाठी सात वर्षं ऑस्ट्रियात होते. म्हणजे आधी चांगला अधिकारी व्हायचं, मग त्या कामासाठी निवड होते. थेट अर्ज करून तिथे जाण्याची हमी कुणी देत असेल तर त्याच्या दारातही उभे राहू नका.

इंजिनिअरिंग आणि विज्ञानाच्या मुलांसाठी आणखी एक वाट आहे, तिची चर्चा फारशी होत नाही. कॅबिनेट सचिवालय डेप्युटी फील्ड ऑफिसर (टेक्निकल) ही पदं ‘गेट’ या इंजिनिअरिंग आणि विज्ञानाच्या राष्ट्रीय परीक्षेतल्या गुणांवर भरतं. २०२५ मध्ये अशा २५० जागा होत्या आणि अर्ज ऑनलाइन नव्हे, साध्या टपालाने दिल्लीतल्या लोधी रोडच्या एका पोस्ट बॅग क्रमांकावर पाठवायचा होता. कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्सला असाल तर ‘गेट’ केवळ एम.टेक.साठी असते, हा समज सोडून द्या.

विषय कोणता घ्यावा

ज्या विषयात तुम्ही न कंटाळता खोलवर वाचू शकता, तो. इतिहास, राज्यशास्त्र, कायदा, संख्याशास्त्र, संगणक, काहीही चालतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी तो चांगला पर्याय आहे. ‘गुप्तहेर डिप्लोमा’ विकणाऱ्या खासगी क्लासेसवर मात्र पैसे घालवू नका. भरतीच्या अटींमध्ये त्या कागदाला काडीची किंमत नाही.

रोज एक टिपण लिहा

माझ्या मते सगळ्या तयारीत हा भाग सर्वांत मोलाचा आहे आणि तोच सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. या नोकरीत पाठलाग आणि वेषांतर यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ वाचण्यात, ऐकण्यात आणि लिहिण्यात जातो. वरिष्ठाच्या टेबलावर एक पान जातं आणि त्यावर निर्णय होतात. ते पान लिहिण्याचा सराव विशीतच करायला हवा.

समजा, बातमी आहे की लासलगावला शेतकऱ्यांनी कांद्याचा लिलाव बंद पाडला. त्यावर दीडशे शब्दांत टिपण लिहा. काय घडलं, कुठे, किती वाजता. हे कोणी सांगितलं: बातमीदाराने स्वतः पाहिलं, की संघटनेच्या पत्रकातून उचललं? कशाची खात्री आहे आणि कुठून आपला अंदाज सुरू होतो? आणि येत्या आठवड्यात पिंपळगाव किंवा येवल्याच्या बाजार समितीतही हेच होईल का?

‘शेतकऱ्यांमध्ये प्रचंड संतापाची लाट आहे’ असं वाक्य लिहिलंत तर ते खोडा. त्याजागी असं लिहा: ‘सकाळी अकराच्या सुमारास दोनशे शेतकऱ्यांनी गेट अडवलं. आकडा संघटनेचा, बाजार समितीने दुजोरा दिलेला नाही.’ पहिल्या वाक्यातून हाती काहीच लागत नाही. दुसरं वाक्य वाचणाऱ्याला कशावर किती विसंबायचं, ते कळतं.

माहिती तोलण्याची एक जुनी पद्धत अनेक देशांची लष्करं वापरतात. सांगणारा किती भरवशाचा, याला ‘ए’ ते ‘एफ’ अशी श्रेणी. आणि सांगितलेली गोष्ट किती खरी वाटते, याला १ ते ६. दोन्ही वेगवेगळं तोलायचं, कारण भरवशाचा माणूसही चुकीचं ऐकून येतो आणि बेभरवशाचा माणूस एखाद्या वेळी अगदी खरं बोलून जातो. आपल्या टिपणात प्रत्येक माहितीपुढे ही दोन चिन्हं टाकून पाहा. वर तारीख घाला, वही बंद करा आणि आठ दिवसांनी उघडून अंदाज कुठे फसला ते लाल पेनाने लिहा. असं वर्षभर केलंत तर लेखी पेपरातला निबंध आणि दीर्घ उत्तरं तुम्हाला जड जाणार नाहीत.

भाषा हे तुमचं भांडवल

सिक्युरिटी असिस्टंटच्या भरतीत स्थानिक भाषेतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून स्थानिक भाषेत भाषांतर करावं लागतं. मराठी माध्यमात शिकल्याचा न्यूनगंड बाळगणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. घरात अहिराणी, वऱ्हाडी, कोकणी, गोंडी किंवा माडिया बोलली जात असेल तर ती जपा, विसरू नका. रोज लोकसत्ता किंवा सकाळमधला एक परिच्छेद इंग्रजीत करा आणि एक इंग्रजी परिच्छेद मराठीत.

त्यावर एक परकी भाषा घ्या. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन, जर्मन, फ्रेंच, जपानी शिकता येतात. दिल्लीच्या जेएनयूमध्ये चिनी, फारसी, पश्तूही आहेत. निवडीला वाव असेल तर शेजारच्या देशाची भाषा आधी. उर्दू लिपी वाचायला शिकणं तर घरबसल्या जमतं.

कागद आणि वागणूक स्वच्छ ठेवा

निवड झाल्यावर साक्षांकन नमुना (अटेस्टेशन फॉर्म) भरून द्यावा लागतो. गेल्या पाच वर्षांत वर्षाहून जास्त काळ कुठे-कुठे राहिलात, कधी अटक झाली का, खटला चालला का, विद्यापीठाने परीक्षेला बसायला मनाई केली होती का, असे प्रश्न त्यात असतात. होस्टेल, भाड्याची खोली, मामाचं घर, सगळ्यांचे पत्ते तारखांसह आत्तापासून एका वहीत लिहून ठेवा. आंदोलनात गुन्हा दाखल झाला असेल तर तो लपवू नका. खोटं सांगितलं किंवा माहिती दडवली म्हणून उमेदवारी जाते आणि लागलेली नोकरीही जाऊ शकते. दहावीच्या दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का, तेही आजच तपासा.

इन्स्टाग्रामवर ‘फ्युचर रॉ एजंट’ लिहिणं बंद करा. १९८५च्या एका कायद्याने या खात्यांतल्या कर्मचाऱ्यांच्या संघटना करण्यावर आणि वृत्तपत्रांशी बोलण्यावर निर्बंध घातले आहेत. शिवाय बदली देशात कुठेही होते. आई-वडिलांशी याबद्दल अर्ज करण्याआधीच मोकळेपणाने बोला: काय काम करतो, कुठे जातो, हे त्यांना बऱ्याचदा सांगता येणार नाही.

आयबीच्या जाहिराती गृह मंत्रालयाच्या आणि नॅशनल करिअर सर्व्हिसच्या संकेतस्थळावर येतात, अर्जही तिथूनच भरायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर नियुक्तिपत्र पाठवून ‘प्रोसेसिंग फी’ मागणारा भामटा असतो. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार करा.