मुलीकडची डिस्क, मुलाकडची डिस्क

सांगलीत १९९८ पासून पंधरा वर्षं मी लग्नाचं शूटिंग केलं. गिऱ्हाईकाच्या हातात डीव्हीडी देताना माझं एक वाक्य ठरलेलं असायचं, "कॅसेटला बुरशी लागते, ह्याला शंभर वर्षं काही होत नाही." आता तीच माणसं तीच डिस्क घेऊन दारात येतात आणि म्हणतात, "भाऊ, पाठवणीला अडकतंय बघा."

पाठवणीलाच अडकतं, त्याला कारण आहे. डिस्क आतल्या कड्याकडून बाहेर लिहिली जाते. दोन तासांचं लग्न घातलं की ४.७ जीबीची डिस्क पार काठापर्यंत भरते, आणि काठ सगळ्यात कमजोर. बोटं तिथंच लागतात. शिवाय सीझनमध्ये आम्ही सोळा एक्सच्या, म्हणजे सोळा पट वेगाच्या, घाईनं राइट करायचो, तो घोटाळाही काठालाच दिसतो. म्हणून हळद ठणठणीत आणि पाठवणीला चौकोन.

अशी डिस्क आली की लोक पहिली चूक करतात ती म्हणजे फोल्डर उघडून फाइली ओढून कॉपी करायला घेतात. खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा डेटाचा एक छोटा तुकडा, आला की कॉम्प्युटर तिथंच धडका मारत बसतो, शेवटी एरर देतो आणि अर्धी फाइलही हातात ठेवत नाही. कन्व्हर्टरचंही तेच. आधी डिस्कची जशीच्या तशी इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल, काढायची, बाकी सगळं नंतर. त्यासाठी मी लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट सिस्टीमवर, डीडीरेस्क्यू वापरतो. काळ्या खिडकीत टाइप करायचा प्रोग्राम आहे, बटणं नाहीत. घाबरू नका, मी दहावी पास माणूस शिकलो.

त्याआधी डिस्क धुवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातल्या कित्येक कपाटांत अल्बम आणि डिस्का गाळात बसल्या. वाळलेला गाळ कापडानं खरवडू नका. साध्या पाण्यात भिजत ठेवा, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब पुरे, मग मऊ सुती कापडानं मधल्या भोकाकडून काठाकडं सरळ पुसा. गोल गोल पुसलं तर ओरखडा लिहिलेल्या ओळीच्या दिशेनंच जातो, आणि तो ड्राइव्हला सावरता येत नाही. डीव्हीडीचा डेटा प्लास्टिकच्या दोन थरांच्या मध्ये असतो म्हणून ती बरंच सोसते. सीडीचा मात्र नावाच्या बाजूच्या वार्निशखालीच असतो, ती बाजू जपा. पूर्ण गोल कागदी लेबल चिकटवलेलं असेल आणि ते फुगलं असेल तर ड्राइव्हमध्ये घालायच्या आधी नीट बघा, फिरताना डिस्क डगमगते. ही लेबलं मीच चिकटवायचो, गणपतीचा फोटो घालून.

आता कमांड. इथं उच्चाराप्रमाणे लिहितोय, पुण्यातल्या भाच्याला मी फोनवर अशाच सांगतो. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा. उबंटूवर, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारात, पॅकेजचं नाव पुढं एक जी लावून आहे:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल जीडीडीरेस्क्यू

डिस्क घाला, आपोआप उघडलेली खिडकी बंद करा आणि मग:

डीडीरेस्क्यू -एन -बी२०४८ /डेव्ह/एसआर० लग्न.आयएसओ लग्न.मॅप

एसआरपुढचं ते शून्य आहे, ओ नव्हे. भाचा दोनदा फसलाय. २०४८ म्हणजे डीव्हीडीच्या एका सेक्टरचे बाइट. 'एन'चा अर्थ असा की हट्ट धरू नकोस, चांगलं चांगलं आधी उचल, अवघड तुकडे मागं ठेव. मरायला टेकलेली डिस्क किती वेळ साथ देईल सांगता येत नाही, म्हणून सोपं आधी. दुसऱ्या फेरीत मागं लागायचं:

डीडीरेस्क्यू -डी -आर१ -बी२०४८ /डेव्ह/एसआर० लग्न.आयएसओ लग्न.मॅप

खरी गंमत शेवटच्या नावात आहे. मॅप ही साधी मजकुराची फाइल, कुठला भाग मिळाला आणि कुठला राहिला याची वही. लाइट गेली, तुम्ही मध्येच बंद केलं, तरी तीच कमांड पुन्हा दिली की ती राहिलेल्या जागेवरूनच सुरू होते. डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालूनही तीच वही पुढं चालवता येते. माझ्या लॅपटॉपचा ड्राइव्ह जिथं हात टेकतो, तिथं जुन्या पीसीतला ड्राइव्ह बरेचदा वाचून जातो. वही पुसली तर सगळं पहिल्यापासून.

मागच्या उन्हाळ्यात कुपवाडच्या एक मावशी मुलीच्या लग्नाची डिस्क घेऊन आल्या. दोन्ही फेऱ्या झाल्या, तरी वाचलेल्या भागाचा आकडा ९७ टक्क्यांवर अडला. ड्राइव्हचा आवाज बदलला, खर्र करून थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. मग आठवलं, मी प्रत्येक लग्नाच्या निदान दोन डिस्का द्यायचो, एक मुलीकडं, एक मुलाकडं, आणि दोन्ही एकाच इमेजवरून राइट केलेल्या. म्हणजे सेक्टरला सेक्टर जुळणार. मी म्हटलं, "मावशी, व्याह्यांकडची मागवा." त्या गप्प झाल्या. दोन घरांत चार वर्षं बोलणं नव्हतं.

शेवटी जावई मिरजेहून घेऊन आला. मुलीकडची काढली, मुलाकडची घातली आणि दुसऱ्या फेरीचीच कमांड त्याच दोन फाइलींवर पुन्हा चालवली. आधी मिळालेल्या भागाला हात न लावता प्रोग्राम फक्त भोकं भरायला लागला. मुलाकडची डिस्क मध्यभागी सप्तपदीजवळ घासलेली होती, पण तिचा काठ शाबूत. वीस मिनिटांत ९९ च्या पुढं गेलं.

एक सावधगिरी. दोन्ही डिस्का एकाच इमेजच्या असतील तरच हे करा. एकीला मेनू आहे आणि दुसरीला नाही, किंवा दोघींचे एकूण बाइट जुळत नाहीत, तर दोन वेगळ्या इमेज काढा, नाहीतर खिचडी होते.

इमेज निघाली की ती व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडून शेवटची दहा मिनिटं बघा. मोबाइलवर पाठवायला एमपीफोर हवा असेल तर हँडब्रेक हा व्हिडिओ बदलून देणारा प्रोग्राम आहे:

हँडब्रेकसीएलआय -आय लग्न.आयएसओ -ओ लग्न.एमपी४ --मेन-फीचर -क्यू २० --डीकॉम्ब

हँडब्रेकसीएलआय या एका नावात एच, बी, सी, एल, आय मोठ्या लिपीत. डीकॉम्ब विसरू नका, वरातीत नाचणाऱ्यांच्या कडेला ज्या आडव्या रेघांची झालर दिसते ती त्यानं जाते. एमपीफोर झाला म्हणून इमेज पुसू नका. एक टीबीच्या हार्डडिस्कवर अशा दोनशे बसतात. दोन हार्डडिस्कवर ठेवा, आणि दुसरी तळमजल्यावर नको, हे सांगलीकराला वेगळं सांगायला नको.

२००५ च्या आधीची लग्नं बहुतेक व्हीसीडीवर, म्हणजे सीडीवरच्या व्हिडिओत, असतात. तिथं २०४८ चा हिशोब चालत नाही, व्हिडिओचे सेक्टर वेगळ्या मापाचे. त्यासाठी व्हीसीडीइमेजर या पॅकेजमधला व्हीसीडीएक्सरिप वापरा. आणि दुकानात विकत घेतलेल्या सिनेमाच्या डिस्कला कुलूप असतं, ते काम मी घेत नाही.

कुपवाडच्या त्या लग्नात शेवटी ८६०१६ बाइट मिळाले नाहीत, म्हणजे ४२ सेक्टर. दोन्ही डिस्का नेमक्या त्याच जागी खराब. पाच-सहा सेकंद आहेर देणाऱ्या एका पाहुण्यांचं तोंड हिरव्या चौकोनांत जातं, आणि कॅमेरा सरकतो तोवर ते वळून निघून गेलेले असतात. हातात पितळेची कळशी तेवढी दिसते. ते कोण, यावर दोन्ही घरांचं आता फोनवर रोज बोलणं चालू आहे.